दीपंकरचा पासवर्ड

बेळगावात कॉलेजच्या खिडकीशी रांगेत माझ्यापुढं निपाणीच्या एक बाई होत्या. मुलाच्या लॉगिनच्या पासवर्डची मुदत संपली होती, त्यांना नवा हवा होता.

“आक्का, दीपंकरला स्वतः यायला सांगा,” खिडकीमागचा क्लार्क म्हणाला.

“तो जूनमधी वारला, सर.”

“अय्यो! मग हे काय? परवाच त्याच्या लॉगिनवरनं परीक्षेचा फॉर्म भरलाय. पासवर्ड चोरलाय कुणीतरी!”

“चोरला न्हाय. मीच भरला.”

“तुम्ही?”

“अंगणवाडीत हाय मी. फोनवर असलं फॉर्म रोज भरती.”

“अहो, पण मुलगा गेल्यावर परीक्षेचा फॉर्म कशाला भरायचा?”

“त्याच्या ईमेलवर तुमचंच पत्र आलतं, सर. फॉर्म भरला न्हाय तर पोराचं नाव कमी करणार म्हणून.”