एक तांब्या गोडं पाणी

—नाय, सही नाय करणार मी. ठेवा तो कागद बॅगेत, इंजिनिअर साहेब. 'वापरणाऱ्याची चूक' — हे बरं हाय तुमचं! मशीन तुमचं, बोट केरूचं, नि चूक कोणाची, तर माझी, या सरूची? अकरा वर्षं आशाताई हाय मी या गावात. खाडीकाठच्या एकूण एक पोराला पोलिओचे थेंब मी पाजलेत. बसा. चहा नाय मिळायचा आज.

काय म्हणाला होतात पेणला, ट्रेनिंगला? — "ताई, ही एवढीशी पट्टी म्हणजे आख्खी लॅब. आत केसापेक्षा बारीक नळ्या, रक्ताचा थेंब आपला आपण वाहत सेन्सरवर जातो. मूत्रपिंडं बरी असली तर हिरवा दिवा, नाय तर लाल." टाळ्या वाजवल्या आमी, येड्यासारख्या! केरू माझा सख्खा दीर, मिठागरात कामाला, पाय सुजलेले, अन्न जाईना — म्हणून त्यालाच पहिला बसवला. दिवा हिरवा. मग कशाला जातोय डॉक्टरकडे? "वयनी, तुझ्या मशीननं सांगितलंय ना!" — असं म्हणून तीन आठवडे मीठ ओढत राहिला उन्हात. आता अलिबागला मशीनवर रक्त धुतात त्याचं, नि अनिता, त्याची बायको, उशाशी बसून असते. चौतीस वर्षांचा हाय हो तो!

कोणावर तपासलंत हे? सांगा ना. रोह्याला, कंपनीच्या हापिसात — व्हय की नाय? साबणाचे हात, मऊ बोटं! मिठागरातला हात धरलाय कधी? भेगांत मीठ बसलेलं असतं, खरवडलं तरी निघत नाय. — काय? धुतले का? धुतलेच! कागदावर लिहिलंय तसे, मीच धुतले. — कोणत्या पाण्यानं म्हणजे? मिठाच्या कोंडीतल्या, मीठ धरायला खाडीचं पाणी अडवतात त्या! मिठागरात दुसरं पाणी असतं कुठे? गोड्या पाण्याचा एक हंडा, बायकांनी डोक्यावरून आणलेला, चौदा माणसं पिणार त्यातनं. त्यात हात कोण धुतं? आमच्याकडे पाप मानतात ते. नि कोंडीतलं पाणी निवळशंख दिसतं, साहेब. धुतले, नि ओल्या बोटालाच सुई टोचली.

— काय म्हणता? खारं पाणी थेंबात मिसळलं, सेन्सर फसला, म्हणून हिरवा? एवढ्यानं? मग ट्रेनिंगला तोंडात मिठाची गुळणी धरली होती काय तुमी? खाडीवर मशीनची पेटी धाडता नि पाणी कसलं ते विचारत नाय?

— नाय, 'ताई, तुमची चूक नाय' असं म्हणू नका. अजिबात म्हणू नका! हात थबकला होता माझा. हंड्याकडे बघितलं होतं मी. एक तांब्या घेतला असता तर सासू बडबडली असती, दुसरं काय? — हे अनिताला बोलाल तर याद राखा.

— किती जणं? त्या दिवशी? नऊ. केरू धरून नऊ. सगळ्यांचे हात त्याच कोंडीत... नि सगळ्यांचे दिवे हिरवे. नाथा, त्याची बायको, कान्हू — कान्हूचे पाय बघितले मी, केरूला अलिबागला न्यायच्या आदल्या दिवशी, टरटरून सुजलेले. हसले मी. म्हटलं, काय रडतोस रे, तुझा तर दिवा हिरवा हाय.

उठा. कागद मरू दे तो. गाडी काढा आधी. काय नाय बोलायचं आता, उठा म्हणते ना! कान्हू आत्ताही मिठात उभा असेल.