काठ उसवलेली टोपली

सुट्टीतल्या हस्तकला मेळ्यात जागा मिळवायला दारापाशी भली मोठी रांग लागली होती. मातीची भांडी घेऊन उभ्या असलेल्या कुंभारणीच्या पुढेच वेताच्या टोपल्या विणणारी एक सासू आणि तिची सून होती. दोघींचं बोलणं कानावर पडतच होतं.

"आई, ऐका माझं. एखादी काडी वाकडी करून ठेवा."

"का गं? सरळ काडीनं कुणाचं घोडं मारलंय?"

"गेल्या वर्षी दारातले तपासणारे काय म्हणाले? इतकी एकसारखी वीण हाताची असूच शकत नाही, यंत्राची आहे. दारातूनच परत पाठवलं."

"चाळीस वर्षं घासलेला हात, आणि म्हणे यंत्र!"

"म्हणूनच म्हणते, थोडी चूक दिसली की पटेल त्यांना."

"मुद्दाम केलेली चूक म्हणजे लबाडीच. देवानं दिलेल्या हाताला खोटं बोलायला लावू?"

"मग यंदाही मेळा बाहेरूनच बघू."

"आतूनच बघायचा. धर ही पिशवी."

"अगंबाई! टोपली काय उसवताय? पुढे दोनच माणसं राहिलीत!"

"नुसता काठ उसवतेय. त्यांच्या टेबलासमोर बसून पुन्हा विणीन. बघू देत डोळ्यांनी."

"आणि तरी नाही म्हणाले तर?"

"तर बुडापासून उसवीन. मला कुठं घाई आहे?"

सून मागे कुंभारणीकडे वळली.

"ताई, काड्या भिजवायला एखादं भांडं द्याल?"

कुंभारणीनं वाडगा पुढे केला.

"याहून मोठं द्या ताई. बुडाच्याही काड्या मावायला हव्यात."