विकणार कोण?

आई : विकत घेणं मला कळलं हो. विकणार कोण, तेवढं सांगा.

बाबा : ते नंतर. आधी इकडे बघ. तीन महिने डोळे फोडले, तेव्हा कुठे तीन फंडांवर येऊन थांबलोय.

आई : स्थळं बघितल्यासारखे फंड बघताय. हा खर्चिक, तो नवखा, त्याच्या घरचं काही कळत नाही.

बाबा : खर्चिक तर नकोच. एक जण वर्षाला शंभर रुपयांमागे पाच पैसे घेतो, दुसरा त्याच कामाचे पन्नास. आज फरक वाटत नाही. चाळीस वर्षांत तोच फरक केवढा होतो, काढून दाखवू?

आई : चाळीस वर्षं कुणाची मोजताय?

बाबा : कुणाची म्हणजे? हिची. आत्ता अठ्ठावीसची आहे.

चिमू : चिमूची!

आई : हो गं, तुझीच. चहा पी आधी. आणि कप जरा लांब धर, बाबांच्या लॅपटॉपवर सांडेल.

चिमू : बाबाचं मशीन.

बाबा : मशीन, बरोबर. चिमू, तू बस हं इथेच, माझ्या शेजारी. तर हे बघ. ईटीएफ म्हणजे एक गाठोडं समज. आत बाजारातल्या मोठ्या कंपन्या, सगळ्या थोड्या थोड्या. त्या गाठोड्याचे लहान लहान वाटे करून शेअरसारखे बाजारात ठेवलेले असतात. एखादी कंपनी घसरली की ते तिला काढतात आणि दुसरी आत घेतात. आपण बोटसुद्धा हलवायचं नाही. आत कुणी हुशार माणूस बसलेला नाही, म्हणून स्वस्त.

आई : हुशार नाही ते एक बरं. मागच्या हुशारानं हसत हसत पॉलिसी गळ्यात मारली होती.

बाबा : म्हणूनच तर या वेळी स्वतः बसलो. आणि एकच नाही घ्यायचा. लिफ्टला एक दोर कधी पाहिलायस? चार-पाच असतात. एक तुटला तरी बाकीचे माणसं धरून ठेवतात. इथेही तसंच. एक मोठ्या कंपन्यांचा, एक सरकारी रोख्यांचा, एक सोन्याचा. आधी मी चार निवडले होते. आत डोकावलो तर चौघांतही त्याच कंपन्या. नुसती नावं निराळी.

आई : म्हणजे चार दोर, सगळे एकाच खिळ्याला.

बाबा : बघ! बत्तीस वर्षं लिफ्टवाल्याशी संसार केलास, फुकट नाही गेला. शिवाय रोज भरपूर उलाढाल असेल तोच घ्यायचा. नाहीतर आपण विकायला काढला आणि समोर घेणाराच नसला, तर पडेल त्या भावानं द्यावा लागतो.

आई : घेणाऱ्याची किती काळजी! विकणाऱ्याची कुणी करायची? ही पुढे ज्या संस्थेत राहणार, तिथे दर महिन्याला हिचे पैसे जायला हवेत. आपण दोघं नसताना. हे वाटे काय स्वतःच्या पायांनी चालत जाणार आहेत?

बाबा : भाचा आहे ना. त्याच्याशी बोलणं झालंय माझं. महिन्याला दहा मिनिटांचं काम.

आई : त्याचा काल फोन आला होता.

बाबा : मला नाही बोललीस.

आई : तुम्ही दिवसभर या तीन फंडांत खूश होतात. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे.

बाबा : काय म्हणाला?

आई : नको म्हणाला. मामी, चिमूताईसाठी जीव देईन, पण तिच्या पैशांना हात नाही लावणार. उद्या बाजार पडला, कमी-जास्त झालं, तर लोक म्हणणार यानंच खाल्ले. बायकोही नको म्हणते. रडला हो फोनवर.

बाबा : त्याला सायकल मी शिकवली.

आई : म्हणून तर रडला.

बाबा : बरं. मग वकील.

आई : वकिलाकडे आपण दोघंच गेलो होतो ना? ट्रस्ट करा म्हणाला. ट्रस्टमध्ये कोण, विचारलं, तर म्हणाला, कागद मी करतो, माणूस तुम्ही आणा.

बाबा : बँकेतच टाकू मग. नुसतं व्याज.

आई : तुम्हीच सांगितलंत, संस्थेची फी दर वर्षी वाढते आणि व्याज मागून लंगडत येतं. दर महिन्याला आपोआप पैसे देणाऱ्या पण योजना असतात म्हणे.

बाबा : असतात. फी वाढली की आकडा कोण बदलणार? खातं अडकलं, सही मागितली, संस्थाच बंद पडली, तर पळापळ कुणी करायची? सगळं करून शेवटी एक माणूस लागतोच. जिथून निघावं तिथून त्याच दारात येतो मी.

आई : आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार?

चिमू : आई, ठिगळ काय?

आई : काही नाही गं. बिस्कीट हवंय?

चिमू : दोन.

बाबा : हिलाच शिकवू.

आई : काय?

बाबा : हिलाच. का नाही? लिफ्टची बटणं शिकवली, तेव्हाही तू म्हणालीस, सात जन्म गेले तरी जमायचं नाही. आज ती एकटी खाली जाऊन दूध आणते.

आई : एकटी? तुम्ही वर बाल्कनीत उभे असता. फाटकापर्यंत तीन वेळा मान वर करते ती.

बाबा : पण आणते ना? पिशवी आणते, सुटे पैसे आणते. चिमू, इकडे सरक. खेळायचं?

चिमू : लिफ्ट-लिफ्ट?

बाबा : तसंच. नमुन्याला मी प्रत्येकाचा एकेक वाटा घेऊन ठेवलाय. ही पहिली ओळ. इथे एक लिहायचं. एक कुठेय?

चिमू : हा एक.

बाबा : शाब्बास. आता हे लाल बटण. दाब.

चिमू : दाबलं! बाबा, टिंग झालं.

बाबा : फोनवर आकडे आले. तेच आकडे इथे टाकायचे. बघून बघून टाक, घाई नाही.

चिमू : नऊ. दोन. दोन. सात.

बाबा : आता हिरवं. दाब.

चिमू : दाबलं!

आई : अहो, खरंच विकलं की काय हिनं?

बाबा : आज रविवार, बाजार बंद. नुसतं रांगेत लागलंय, मी लगेच रद्द करत जातो. चिमू, परत. सगळं पहिल्यापासून.

चिमू : एक.

बाबा : हां.

चिमू : लाल?

बाबा : दाब.

चिमू : टिंग! पाच, पाच, शून्य, आठ. हिरवं?

बाबा : दाब.

चिमू : झालं!

आई : मी काही बोलले नाही हं मधे. अहो, मी काही सांगितलं नाही तिला.

बाबा : पाहतेस काय! पुन्हा, चिमू. आता सोन्याच्या ओळीवर.

चिमू : एक. लाल?

बाबा : दाब.

चिमू : टिंग. चार, एक, एक, तीन. हिरवं?

बाबा : दाब. झालं! तिसऱ्यांदा! एक चूक नाही. पहिल्या तारखेला संस्थेतल्या बाईंनी फक्त लॅपटॉप समोर ठेवायचा. बाकी ही करेल. स्वतःचे पैसे स्वतः काढेल.

आई : अहो... जमलं की हो हिला. माझं मेलीचं मन, उगाच नाही नाही ते येतं त्यात. चिमू, बघू तुझा हात. राणी गं माझी.

चिमू : चिमू हुशार.

आई : हुशारच. रडत नाहीये मी, तू बिस्कीट खा.

बाबा : आता एकच राहिलं. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा मेस्त्रीनं स्वतः चढून यायचं, मगच खाली सही करायची. तसं आमच्यात होतं. चाचणी घ्यायला हवी.

आई : झाली की तीनदा.

बाबा : मी शेजारी असताना झाली. चिमू, ऐक. समज, बाबा नाही.

चिमू : बाबा आहे.

बाबा : समज गं. खेळातलं.

चिमू : बाबा इथे आहे. हा काय चष्मा.

आई : तिला समज म्हटलेलं नाही कळत, माहीत आहे ना तुम्हाला.

बाबा : बरं, मग मी आत जातो. फोन इथेच ठेवतो. तू बोलायचं नाहीस. तू पण नाहीस.

आई : मी पण नाही. छान. चहा तेवढा गॅसवर आहे, तो कोण उतरवणार, ते सांगून मरा.

बाबा : गॅस बंद कर आणि गप्प बस. चिमू, आत्ता केलंस तसं सगळं करायचं. मी आलोच.

(बाबा आतल्या खोलीत जातात. दार नुसतं लोटलेलं.)

चिमू : एक. हा एक.

चिमू : लाल?

चिमू : बाबा, लाल?

चिमू : आई, बाबा ऐकत नाही.

चिमू : आई. तू पण ऐकत नाही?

आई : मला नाही जमत हे. अहो, मी बोलते. चिमू, पुढे काय आहे? लाल आहे ना? मग दाब की.

चिमू : तू नाही. बाबा म्हणतो.

आई : बाबा आतमध्ये आहेत. मी म्हणते ना, दाब.

चिमू : बाबा म्हणाला की दाबते.

आई : तोपर्यंत?

चिमू : तोपर्यंत बोट धरते.

आई : ऐकलंत का? लाल बटणावर बोट धरून बसली आहे. न टेकवता. हवेत.

बाबा : ऐकतोय.

चिमू : बाबा आतून बोलला!

बाबा : थांब, मला विचार करू दे. आवाज भरून ठेवता येईल. माझा आवाज. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लॅपटॉपमधून, एक लिही, दाब, आकडे टाक, दाब. अवघड नाही ते.

आई : आणि आवाज आला की ती विचारेल, बाबा कुठे आहे? त्याला काय उत्तर भरून ठेवाल?

बाबा : ते नंतर.

आई : सांगा ना. मी इथे लिहून घेते. चाळीस वर्षं, दर महिन्याला विचारेल ती. ओळीत एक लिहायच्या आधी विचारेल.

बाबा : तीन महिने लावले गं मी. पाच पैशांपर्यंत गेलो. कुठला फंड कधी बुडेल, कुठला तरेल, सगळं पाहिलं. इतकं नीट काम मी नोकरीतसुद्धा केलं नव्हतं.

आई : काम नीटच आहे तुमचं. मी कुठे काय म्हणते?

बाबा : मग तू का रडतेस?

आई : तुम्ही दारामागून बोलताय म्हणून. असं आतून नका ना बोलू. बाहेर तरी या.

बाबा : आत्ता आलो, तर तिनं काय शिकायचं? थोडा वेळ थांबू. कदाचित दाबेल.

चिमू : बाबा, बोट दुखतंय.

आई : खाली घे गं बोट.

चिमू : नाही. बाबा म्हणणार आहे.

आई : बोट काढत नाहीये ती. अहो.

बाबा : बघवत नाही मला फटीतून. येऊ का?

आई : या. आहात तोवर या.

चिमू : आला! बाबा आला! आता म्हण.

बाबा : काय म्हणू, बाळा?

चिमू : दाब म्हण.

बाबा : बोट खाली घे आधी. दे इकडे, चोळून देतो. आज नको, चिमू. आज बाजार बंद आहे.

चिमू : मग उद्या म्हण.

आई : म्हणतील गं. उद्या आहेत ते.