डाव्या मनगटावरचा वळ

पुरवणी जबाब

नाव: कागदोपत्री जे आहे ते पहिल्या जबाबात आलेले आहे, कारखान्यात, गल्लीत आणि गाणाऱ्यांत सगळे 'धाकटा' म्हणतात. वय: ६१ वर्षे. व्यवसाय: पूर्वी दोर कारखान्यात दोर वळणे, कारखाना बंद पडल्यापासून खुर्च्या विणणे. राहणार: बंद दोर कारखान्याच्या मागच्या खोल्या, खोली क्रमांक ६.

मी आज सकाळी साडेदहा वाजता, कोणी बोलावलेले नसताना, आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर झालो आहे आणि समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. मागच्या मंगळवारपर्यंत आम्ही दोघे राहत होतो, मी आणि माझी थोरली बहीण, वय ६८. तिला मी ताई म्हणतो आणि या जबाबातही तेच म्हणणार आहे. हवालदारांनी दोनदा 'मयत' असे लिहिले, तेव्हा कोणाबद्दल चालले आहे ते मला कळेना.

मंगळवारी संध्याकाळी मी याच टेबलासमोर बसून पहिला जबाब दिला होता. त्यात मी खोटे काही सांगितलेले नाही. पण जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही. त्यामुळे संस्थेच्या इमारतीचा पहारेकरी तीन दिवस कोठडीत आहे. ते आता सांगतो.

संगीताचे पुरस्कार देणाऱ्या संस्थेने यंदा एकतीस विभाग काढून टाकले. आमचा 'श्रमाची गाणी' हा विभाग त्यात होता. अंगाई म्हणणाऱ्या बायका, तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढून गाणारे, पावा वाजवणारे, आम्ही, सगळ्यांना 'इतर' नावाच्या एकाच खान्यात कोंबले. ताईने नऊ वर्षे अर्ज भरला आणि नऊ वर्षे तिला कोणी विचारले नाही. मी तिला चिडवायचो की परीक्षक तुझा अर्ज चहाच्या कपाखाली ठेवत असतील. ती म्हणायची, बक्षीस गेलं खड्ड्यात, पण त्या कागदावर आपल्या गाण्याचं नाव छापलेलं असतं. विभाग बंद झाल्याचे पत्र आले त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पेटीतला जुना दोर काढून उन्हात टाकला आणि मला म्हणाली की आवाज नीट कर, जायचंय.

आमचे गाणे कसे असते ते हवालदारांनी विचारले म्हणून सांगतो. दोर वळताना दोन टोकांना दोन माणसे असतात. डोक्याकडचा एका जागी बसतो आणि गाण्याची ओळ घेतो. शेपटीकडचा दोर ताणून धरत उलट्या पावली मागे चालतो आणि ती ओळ परत म्हणतो. पावले गाण्यावर पडतात. गाणे थांबले की पावले थांबतात आणि दोराला फुगा येतो, मग तेवढा दोर वाया. म्हणून काही झाले तरी गाणे सोडायचे नाही. चाकाच्या खडखडाटात हाक ऐकू येत नसे, त्यामुळे बोलणे दोरातूनच व्हायचे. दोन हिसके म्हणजे थांब. ढील म्हणजे आता तू घे. डोक्याकडच्याने ढील दिली की तो मान खाली घालून गप्प बसतो आणि शेपटीकडचा दोर ताणून घेऊन गाणे पुढे नेतो. त्या वेळी त्याने समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे नसते, हातातल्या दोराकडे बघायचे असते.

ताई कायम डोक्याकडे आणि मी कायम शेपटीकडे. कारखाना बंद पडल्यावर गाणे समारंभात आणि सभागृहांत आले तरी जागा त्याच राहिल्या. एक्केचाळीस वर्षांत तिने मला दोनदा गाणे दिले. एकदा तिला खोकल्याची उबळ आली म्हणून आणि एकदा मालक काही सांगायला आले म्हणून. दोन्ही वेळा चार ओळींत परत घेतले. माझा आवाज तिच्यापेक्षा बरा आहे असे काही लोक म्हणायचे. तिच्यासमोर कोणी म्हणत नसे. मला याचे वाईट वाटायचे आणि मी ते कधी बोललो नाही.

मंगळवारी परीक्षकांची बैठक होती. विभाग परत मागायला संस्थेच्या काचेच्या दारासमोर आम्ही सत्तर-ऐंशी गाणारे-वाजवणारे सकाळी नऊला जमलो. प्रत्येक गटाला अर्धा तास वाटून दिला होता. हे सगळे आमच्या संघटनेच्या सेक्रेटरीने जमवले होते. तो तुतारी वाजवतो आणि माणूस वाईट नाही. आमची पाळी साडेअकराची होती. ताईचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी मी विणलेली खुर्ची आणली होती.

दहाच्या सुमारास सदर पहारेकरी बाहेर आला. वय तीसेक असेल. तो ताईला म्हणाला की आजी, हे दार बाहेरच्या बाजूला उघडतं, तुम्हाला लागेल, जरा बाजूला घेऊ का. तिला उठवताना त्याने तिचे उजवे मनगट धरले. ताई म्हणाली, "धर बाबा, पण नाचायला नेऊ नकोस." तो लाजला आणि ती तोंड उघडून हसली. त्याने खुर्ची कडेला लावून दिली आणि पाण्याची बाटली आणून दिली. कोणीतरी नेमका त्या वेळी फोटो काढला. वर्तमानपत्रांत छापला आहे तो हाच. त्यात ताई ओरडताना दिसते असे लोक म्हणतात. ताई हसत होती. मी हातभर अंतरावर होतो.

साडेअकराला आम्ही सुरुवात केली. ताईने नेहमीप्रमाणे दोराचा एक वेढा डाव्या मनगटाला घेतला आणि त्यावर बाही ओढून घेतली. म्हातारपणी पकड सुटायला लागली होती आणि ते लोकांना दिसू नये एवढाच त्यात हेतू. ही गोष्ट मी सोडून कोणाला माहीत नव्हती. मी बारा पावलांवर दुसरे टोक धरून उभा होतो.

तीन कडवी नीट झाली. चौथ्याच्या मध्ये ताईचा आवाज थांबला आणि दोराला ढील आली. मी वर बघितले तर तिची मान खाली होती. मी लगेच नजर दोरावर आणली. मला वाटले, दिले. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या दिवशी तिने मला गाणे दिले.

मी दोर ताणून घेतला. जेवढा लागतो त्यापेक्षा जास्त जोर लावला, कारण मला बरे वाटत होते. खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. मला वाटले ताई पायाने ठेका देते आहे. मी जागच्या जागी उलटी पावले टाकत गात राहिलो. जी कडवी तिने मला कधी पुढे होऊन म्हणू दिली नव्हती ती सगळी म्हटली. चार ओळी झाल्या तरी तिने गाणे परत घेतले नाही. मी समजलो की ती ऐकते आहे. आमच्या घरात माझे गाणे बसून ऐकण्याचा प्रकार कधी झाला नव्हता, पण त्या दिवशी मला ते खरे वाटले. सगळे गाणारे-वाजवणारे गप्प उभे होते. काहींनी तिच्यासारखी मान खाली घातली होती. मी उभ्या जन्मात इतके चांगले गायलो नाही. हे लिहायला नको असे हवालदार म्हणाले, मी लिहा म्हणालो.

मोबाईलवरचे चित्रण मला आज दाखवले. दोर ढिला पडला तेव्हा अकरा एक्केचाळीस झाले होते. पहारेकरी दारातून धावत बाहेर आला तेव्हा अकरा अठ्ठेचाळीस. मधली सात मिनिटे मी गात होतो. छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या पिशवीत होती आणि पिशवी माझ्या खांद्याला होती.

आम्ही इतकी गाण्यातली माणसे तिथे होतो, आणि आम्हाला सगळ्यांना ते गाणे वाटले. पहारेकऱ्याला आमच्या गाण्यातले काही कळत नाही. त्याला म्हातारी बाई खुर्चीत कलंडलेली दिसली. त्याने तिला खाली निजवले आणि बाही वर करून मनगटाचा वेढा सोडवू लागला. दोर हलला म्हणून मी वर बघितले. मला इतका राग आला की मी मोठ्याने ओरडलो, "सोड तिला! गाणं चालू आहे!"

या ओरडण्यानंतर जमाव त्याच्यावर धावून गेला. आधी कोणीही हललेले नव्हते. त्याला कोणी मारले ते मला सांगता येणार नाही, बरेच जण होते. त्याचे दोन दात पडले. मार खातानाही तो दारातल्या दुसऱ्या पहारेकऱ्याला गाडी बोलाव, गाडी बोलाव म्हणत होता. मी ताईजवळ पोहोचलो तेव्हा तिचे ओठ काळे पडले होते. दवाखान्यात बारा वीसला डॉक्टरांनी ती आधीच गेल्याचे सांगितले. लवकर आणली असती तर वाचली असती का, असे मी विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला वाटते त्यांना येत होते.

दोर मी सवयीने गुंडाळून काखेत मारला आणि घरी घेऊन आलो. म्हणून तो पोलिसांना मिळाला नाही. ताईच्या डाव्या मनगटावर वळ आहे आणि पहारेकऱ्याने हात पिरगाळल्याने तो उठला, असे संघटनेच्या लोकांनी जबाबात सांगितले आहे. मनगटाला दोर होता हे पहारेकरी पहिल्यापासून सांगत होता, पण तो स्वतःची कातडी वाचवतो आहे असे सगळे म्हणाले. मला मंगळवारी विचारले की पहारेकऱ्याने हात धरला होता का. मी धरला होता एवढेच सांगितले. कोणता हात ते मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. फोटोत उजवा हात आहे आणि वळ डाव्या हाताला आहे, हे मला तेव्हाही कळत होते. मी गप्प बसलो, कारण वळ त्याचा ठरला की तो माझा नव्हता.

काल दुपारी सेक्रेटरी घरी आला. संस्थेने घाबरून सगळे एकतीस विभाग परत घ्यायचे कबूल केले आहे आणि आमच्या विभागाला ताईचे नाव देणार आहेत, असे त्याने सांगितले. त्याने छापील कागद आणला होता. त्यावर ताईचे नाव आणि खाली 'श्रमाची गाणी' असे होते. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो. मग मी त्याला वळाचे सांगितले. तो म्हणाला, "धाकट्या, हे बाहेर पडलं तर ते लोक उद्याच शब्द फिरवतील. ताई फुकट गेली असं होईल." मी म्हणालो, "फुकट गेली तर माझ्या हातून गेली. त्या पोराच्या नावावर नको." तो रडला. जाताना कागद माझ्याकडेच ठेवून गेला. विभागांचे पुढे काय होईल ते मला माहीत आहे. ताईला हे चालले असते का, याचे उत्तर मला तीन दिवसांत सापडलेले नाही आणि आता विचारायची सोय नाही.

तरी मी सांगतो की पहारेकऱ्याने माझ्या बहिणीला ढकलले नाही, ओढले नाही, तिचा हात पिरगाळला नाही. वेळेवर धावला तो तोच एकटा. डाव्या मनगटावरचा वळ माझ्या ओढीचा आहे. ताईने मला गाणे दिले नव्हते, ती मरत होती. सदर दोर मी आज सोबत आणला असून पंचांसमोर ताब्यात दिला आहे. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. माझ्याविरुद्ध कोणाची असेल तर मी वरील पत्त्यावर असतो.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'दोर माझ्याकडून नकळत ओढला गेला' असे एक वाक्य त्यांनी आपल्या मनाने घातले होते. ते म्हणाले की काका, राहू द्या, कोर्टात तुमच्या उपयोगी पडेल. मी ते काढायला लावले. दोर मी ओढला, आणि आनंदाने ओढला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. जिथे ते वाक्य खोडले आहे तिथेही माझी सही आहे.