उजवा अंगठा

…नाही नाही, हात नका मिळवू, लांबूनच नमस्कार! राग मानू नका, पण तुम्हाला सांगतो, हा उजवा अंगठा आता माझा राहिलेला नाही, सरकारी आहे! रोज धारहून बसनं जातो मी ऑफिसात… कुठलं ऑफिस ते विचारू नका, साहेबांच्या कानावर गेलं तर मेलोच… तर तिथे सगळं ऑनलाइन झालं. झालं म्हणजे काय, बजेट एवढंसं, त्यात एक कॉम्प्युटर, अंगठ्याचं एक मशीन आणि नोंदणी एकाच माणसाची. कुणाची? माझी! साहेब म्हणाले, "तात्या, सबसे भरोसेमंद तुम ही हो!" फुगलो ना मी! आमच्याकडे संस्थानाच्या काळापासून कारकुनी, आजोबांच्या सहीचं वळण बघायला माणसं यायची, अंगठा उठवणाऱ्याला आम्ही हसायचो… आणि आता बेचाळीस गावांचे दाखले माझ्या अंगठ्यावर! माझा अंगठा लागल्याशिवाय मेलेला माणूससुद्धा मरत नाही हो!

झोप उडाली माझी. नारळ फोडायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, कंडक्टरनं बसचं दार लावलं की हात खिशात! शिपाई, चहावाला, रस्त्यातली अनोळखी म्हातारी, जो तो एकच, "अंगूठा सम्हालना, तात्या!" बायको, सरला, तीही डबा देताना, "अंगठा सांभाळा हं!" अहो, आणि मला? मला सांभाळ असं कुणी म्हणतं?

त्यात सरला गेली देवासला, बहिणीकडे. पावसाळी हवा, घरात कोवळी कणसं, आणि मला दुर्बुद्धी सुचली, भुट्ट्याचा कीस करू या! तीन कणसं झाली, चौथ्याला… आई गं! कणीस संपलं होतं नि मी किसतच होतो! सालपटं निघाली अंगठ्याची! फोन केला, तर "दुखतंय का" नाही, सरला म्हणते, "कुठला?" म्हटलं, उजवा. तर म्हणते, "मग दाखले?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रांगेत पहिली कोण? नीतू नावाची पोर आणि तिची आई. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, पाचपर्यंत दाखला चढवायचा. माझी पट्टी बघितली नि आई मटकन खालीच बसली, "भाई साब, छोरी को साल बिगड़ी जायगो!" पट्टी सोडली, अंगठा लावला… अमान्य! पुन्हा लावला… अमान्य! तिसऱ्यांदा चुकलं तर मशीन आठ दिवस बंद! डावा लावू? डाव्याची सोय पुढच्या वर्षीच्या बजेटात. दुसरा माणूस? वरून मंजुरी, त्यात वर्ष जातं! तेवढ्यात आमचा ऑपरेटर दीपेश, "भिया, एकच रस्ता है. नोंदणी सालभरात एकदा बदलता येते. ये घायल अंगूठाच चढा देते हैं." वरच्या ऑफिसला फोन करकरून पावणेपाच झालेले. ती पोर रडतही नव्हती, नुसती घड्याळाकडे बघत होती. मी डोळे मिटले नि दाबला, जखमेसकट. हिरवा दिवा! दाखला निघाला, पोर पळाली, अख्ख्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तसा दीपेश हळूच म्हणतो, "लेकिन तात्या… ये ठीक हो गया तो?"

मशीन आता जखमेला ओळखतं हो! मी बरा झालो की मी मीच नाही, वर्षभर नाही, बेचाळीस गावं ठप्प! रोज सकाळी पट्टी सोडतो, खपली धरली का बघतो. सोमवारी पहिल्या झटक्यात लागला, काल… काल तिसऱ्यांदा! आणि लोक अजून तेच, "अंगूठा सम्हालना, तात्या!" अहो पण कसा? भरून येतोय तो, थांबवू कसा? डॉक्टर तर खूश, "वा तात्या, चार दिवसांत नवी कातडी!" मी तिथंच रडलो. तसाच साहेबांकडे गेलो, हात जोडले, दुसरं मशीन द्या हो. साहेब फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "बजट अगले साल. तब तक डॉक्टर बदलो."

आता करता काय? बदलतोय. तुमच्या ओळखीत आहे का हो एखादा… हाताला अजिबात गुण नसलेला?