किरकोळ हानी

(चंद्रपूर, जानेवारी १९८७. एका दैनिकाची कचेरी, दुपारची वेळ.)

वच्छला: म्हणून म्हणते मामाजी, तुमीच चला आता चामोर्शीले. मी सांगून सांगून थकली. आई आयकत नाई.

देवराव: अगं पण साक्षगंध झालं ना! चार लोकांसमोर झालं. आता सोयरीक मोडतो म्हणजे काय? पोरखेळ हाये का हा?

वच्छला: तेच मी म्हटलं. तर म्हणते, तुह्या मामाले विचार.

देवराव: मले काऊन?

वच्छला: तुमीच आणली ना सोयरीक. दिवाळीत आईले काय म्हटलं होतं तुमी? "बाई, पोरगा पलटणीत हाये म्हणून भिऊ नको. एकाहत्तरची लढाई झाली ती झाली, आता लढाया होत नाईत. पक्की नोकरी हाये, पेन्शन हाये." तिचा नवरा लढाईत गेला, मामाजी. पोरगी फौजीले देणारच नाई म्हणत होती. तुमच्या शब्दावर हो म्हटलं तिनं.

देवराव: मग खोटं थोडंच बोललो? तेव्हा तसंच होतं सगळं.

वच्छला: आन हे? सोमवारचा पेपर. वाचा.

देवराव: मीच लिहिलं, मीच वाचू काय?

वच्छला: वाचा ना, मोठ्यानं. आमच्या इथी चावडीवर असंच वाचलं. आई पाण्याची घागर घेऊन तिथीच उभी होती.

देवराव: "रणशिंग फुंकले! युद्ध कोणत्याही क्षणी! सीमेवर लाखो सैनिक समोरासमोर; अणुयुद्धाचे सावट." बरं, यात खोटं काय हाये सांग. सैन्य जमलंच हाये. रेडिओ सांगून राह्यला, नागपूरचे पेपर सांगून राह्यले.

वच्छला: रेडिओ हेही म्हणते का दिल्लीत बोलणी होणार हाये. ते कुठी हाये यात?

देवराव: आत असन. पान चारवर पाह्य.

वच्छला: नाई. चारही पानं पाह्यली मी.

देवराव: मग जागा नसन उरली.

वच्छला: ह्या नकाशाले बरी उरली? नागपूरवर बाँब पडला तर म्हणे. पहिल्या गोलात सगळं भस्म, दुसऱ्यात भाजून मरण, तिसऱ्यात हळूहळू. गावातले लोक बालवाडीत येऊन मले विचारते, मॅडम, चामोर्शी कोणत्या गोलात येते? दुकानातलं घासलेट संपलं. मीठ संपलं. लेकरांले मायबाप घराबाहेर सोडत नाईत. कोणं काढले हे गोल? कोण्या मोठ्या साहेबानं सांगितलं का?

देवराव: साहेब कुठला गं. शाईच्या बाटलीचं झाकण ठेवलं, एक गोल काढला. मग चहाची बशी ठेवली. मोठ्याले ताटली.

वच्छला: मामाजी!

देवराव: कोणाले माहीत गं थो बाँब किती दूर जाते! त्यांच्यापाशी हाये का नाई, हेच कोणाले धड माहीत नाई. मालक म्हणे, काहीतरी चित्र पाहिजे, लोक चित्र पाहते. आन पाह्य, त्या दिवशी पेपर दुप्पट गेला. बसस्टँडवर पोट्टे ओढून नेत होते.

वच्छला: आन हा फोटो?

देवराव: धर्मपालचा ना? चांगला उठला फोटो. तुह्या होणाऱ्या नवऱ्याचा मान केला मी. "जिल्ह्याचा सुपुत्र रणांगणाच्या उंबरठ्यावर." तुले तर बरं वाटलं पाहिजे.

वच्छला: हा फोटो त्याईनं मले पाहायले पाठवला होता. सोयरीकीसाठी. तुमीच घेऊन आले होते तो.

देवराव: हो. मग?

वच्छला: मी आज पोंभुर्ण्यावरून आली.

देवराव: सासरी? लग्नाआधी? एकटी?

वच्छला: एकटी. आईनं साक्षगंधाचं लुगडं गावातल्या बिरजूच्या हातानं परत पाठवून देल्लं. मी म्हटलं, निदान तोंड तर दाखवून यावं. त्याईची आई ठमाबाई ओट्यावर बसल्या होत्या, चूल पेटली नव्हती घरात. तुमचा पेपर आल्यापासून गाव येऊन राह्यलं त्यांच्या दारी. बाया गळ्यात पडून रडते. शेजारच्या मुखरूभाऊनं हा फोटो कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, आन त्याले हार घातला. झेंडूचा.

देवराव: हार?

वच्छला: जित्या माणसाच्या फोटोले हार, मामाजी. मुखरूभाऊ वाईट नाई, त्याले वाटलं मान करून राह्यलो. तुमच्यासारखंच. ठमाबाईनं तो हार तोडला, तर लोक म्हणते, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. मले जवळ बसवलं त्याईनं आन एकच विचारलं. "पोरी, तुह्या मामाले आमच्या आधी काही समजलं का? समजलं असन तर सांगून दे."

देवराव: अरे बापा.

वच्छला: समजलं होतं का तुमाले काही?

देवराव: नाई गं. मले काय समजणार? मी इथी खुर्चीवर बसतो. येते ते वाचतो, थोडं वाढवतो.

वच्छला: लढाई होईन का?

देवराव: मले माहीत नाई.

वच्छला: मग तेवढंच चला आईले सांगायले. माहीत नाई म्हणून सांगा. तीनची गाडी हाये.

*

(चामोर्शी, त्याच संध्याकाळी. वच्छलाची आई बायनाबाई हिचे घर.)

बायनाबाई: जयभीम, जयभीम. बस. पोट्टीनं धरून आणलं ना तुले? मले सकाळीच वाटलं, ही बालवाडीत गेली नाई म्हणून.

देवराव: बाई, तू लुगडं परत करून टाकलं. मले एका शब्दानं विचारलं नाई.

बायनाबाई: तुले विचारूनच तं हो म्हटलं होतं, देवराव. एक डाव विचारलं, पुरे झालं.

देवराव: लढाई होईनच असं नाई ना.

बायनाबाई: पेपरात तं हाये.

देवराव: पेपराचं सोड. मी तुह्यासमोर बसून, तोंडानं सांगून राह्यलो.

बायनाबाई: मंग मी कोन्तं धरू? तोंडानं सांगतं ते मले एकटीले सांगतं. छापतं ते साऱ्या जिल्ह्याले सांगतं. खरं कोनाले सांगतं तू?

देवराव: लोकायले तेच पाहिजे, बाई. बोलणी होणार असं लिहिलं का कोणी पेपर हातात घेत नाई. माह्या एकट्यानं नाई लिहिलं तर काय होते? नागपूरवाला लिहिते, दिल्लीवाला लिहिते. तिकडचेही त्यांच्या पेपरात असंच लिहित असन.

बायनाबाई: तिकडबी एखादी बायना असन मंग, घागर घेऊन उभी.

देवराव: तसं नाई बाई, माह्यं म्हणणं...

बायनाबाई: बोलू नको. आयक. एकाहत्तरच्या साली तू कुठी होता?

देवराव: नागपूरले. कॉलेजात.

बायनाबाई: म्हनून तुले ठाऊक नाई. तुहे भाऊजी तिकडं गेले, ही वच्छला चार वर्साची. ग्रामपंचायतीत रेडिओ होता. मी रोज सांजच्या पारी तिथी जाऊन ओट्याखाली उभी राहो. बातम्या सांगनारा असा बोले, जसा कुस्तीची दंगल सांगून राह्यला. आज इतकी ठाणी घेतली, आज इतके इमानं पाडले. लोक टाळ्या वाजवत. आन शेवटी तो म्हने, आपल्या बाजूची हानी किरकोळ. मी गुरुजीले विचारलं, किरकोळ म्हंजे काय जी? ते म्हने, थोडीशी, बाई. नसल्यासारखी. मी घरी येवो, पोट्टीले जेऊ घालो, आन निवांत निजो.

वच्छला: आई, हे कधी सांगितलं नाई तू मले.

बायनाबाई: काय सांगू? जिंकल्याची बातमी आली तवा गावात पेढे वाटले. मीबी खाल्ला. अर्धा तुह्या तोंडात घातला. तार आली ती मागून. तारीख पाह्यली तं, मी पेढा खाल्ला तवा त्याले जाऊन आठवडा झाला होता. ती हानी किरकोळ होती ना देवराव, ते तुहे भाऊजी.

देवराव: बाई...

बायनाबाई: रेडिओवर माहा राग नाई. त्या मानसाले काय ठाऊक, चामोर्शीत कोनी बाई ओट्याखाली उभी हाये म्हनून. पन तुले तं ठाऊक हाये. तू लिहितं तवा तुले आठवते का नाई, का हे बायना आयकन?

देवराव: नाई आठवत. खरं सांगतो, बाई. लिहायले बसलो का हाताले जोर येते. एक भारी शब्द सुचला का दुसरा सुचते. मले वाटते मीच सीमेवर उभा हाव. मग मालक पाठ थोपटते. तुम्ही कोणीच नसता तिथी.

वच्छला: आई, आता माह्यं आयक. मले काही बाँबाचं समजत नाई. तू बाबासंग किती राह्यली?

बायनाबाई: किती राह्यली म्हंजे? वर्सातून एकदा सुट्टीवर येत. होळीले नाई तं दिवाळीले.

वच्छला: असं होईन म्हणून आधी कोणी सांगितलं असतं, तर तू नाई म्हटलं असतं त्यांले?

बायनाबाई: काय विचारून राह्यली तू?

वच्छला: विचारते.

बायनाबाई: हे नको विचारू मले, पोट्टे.

वच्छला: काऊन?

बायनाबाई: उत्तर देल्लं तं तुले धाडावं लागन.

देवराव: बाई, मी काय करू ते तरी सांग.

बायनाबाई: मले काय विचारतं? पोंभुर्ण्याले जाय. त्या बाईच्या ओट्यावर बस, आन तुले काही समजलं नव्हतं हे तुह्या तोंडानं तिले सांग. मंग छाप. जेवढ्या मोठ्या अक्षरात तिच्या पोराले मरनाच्या दारात उभं केलं, तेवढ्याच अक्षरात छाप का तो जिता हाये.

देवराव: मालक नाई छापू देणार.

बायनाबाई: मंग मालकालेबी संग घेऊन जाय. ओटा मोठा हाये म्हने ठमाबाईचा.

*

बायनाबाई: वाळला तू पंधरा दिवसात. जेवतं का नाई?

देवराव: जेवतो. छापलं मी, बाई. मालक लग्नाले गेला होता मुलताईले, त्या दिवशी.

वच्छला: मी वाचून दाखवलं आईले. "शिपाई धर्मपाल सुखरूप आहेत. त्यांचे छायाचित्र घरच्यांना न विचारता छापले गेले. नकाशातील गोल अंदाजाने काढलेले होते. युद्ध होईल की नाही, हे या दैनिकास माहीत नाही."

बायनाबाई: पह्यल्या पानावर होतं म्हने. मालक आल्यावर काय बोलला?

देवराव: म्हणे, पेपर हाये का कबुलीजबाब? पहिल्या पानावरून काढलं मले. आता बाजारभावाचं पान पाहतो. धान, कापूस, तूर, मोहफूल.

वच्छला: वाईट वाटते का मामाजी?

देवराव: वाटते ना. नाई कसं वाटणार? आधी तहसीलदार खुर्ची देत होता. आता कापसाचा भाव चुकला का शेतकरी येऊन भांडते. पण एक हाये. ते आकडे आडतीत जाऊन विचारावे लागते. झाकण ठेवून काढता येत नाईत.

बायनाबाई: ठमाबाई येऊन गेल्या.

देवराव: इथी? कधी?

बायनाबाई: परवा. लुगडं घेऊन आल्या. म्हने, तुमचा भाऊ दोन डाव आला, काही समजलं नव्हतं म्हनून सोताच्या तोंडानं सांगून गेला. म्हने, लुगडं तुमच्यापाशी राहू द्या, पोराले सुट्टी भेटली का पाहू.

देवराव: मग तू काय म्हटलं?

बायनाबाई: ठेवून घेतलं.

देवराव: म्हणजे हो?

बायनाबाई: ठेवून घेतलं म्हटलं ना. भेव काही गेलं नाई माहं. भेवासकट ठेवलं. त्या रडल्या, मी रडली, मंग चहा पेलो.

देवराव: वच्छला, तू कुठी चालली?

बायनाबाई: जाऊ दे तिले. अशीच करते परवापासून, हासू आलं का उठून चालली जाते. तू सांग, लढाईचं काय झालं? चावडीवर आता कोनी पेपर वाचत नाई. घासलेट आलं दुकानात, लोक इसरून गेले.

देवराव: दिल्लीत बोलणी झाली. सैन्य मागं घ्यायचं ठरलं दोघांचंही.

बायनाबाई: पेपरात आलं का?

देवराव: मालकानं पहिल्या पानावर नाई घेतलं. म्हणे, लढाई झाली नाई, ही काय बातमी हाये? मग मी माह्या पानावर घेतली. खाली थोडी जागा होती. हे पाह्य, वरोऱ्याच्या कापसाच्या भावाखाली.

बायनाबाई: वाच.

देवराव: "सीमेवरील सैन्य टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले आहे. जवानांच्या रजा पूर्ववत सुरू होतील, असे समजते."

बायनाबाई: बस?

देवराव: बस. एवढंच.

बायनाबाई: आन हे आता कायमचं?

देवराव: तसं नाई सांगता येत, बाई. बाँब जिथल्या तिथी हायेत. पुढच्या वर्षी काय होईन, मले माहीत नाई.

बायनाबाई: बरं. पुन्हा वाच. हळू वाच.