मऊ जागा

सारजाबाई : चंद्रीचं डोकं दाबून बघितलंत, तसं माझं बघा म्हणते मी. अन तुमी आपली लोकर झाडत बसलाय.

आश्रुबा : तू काय मेंढी हाईस?

सारजाबाई : लगीन लागल्यापासनं मेंढीइतकं तरी कवा बघितलंय माझ्याकडं? चंद्री डाव्या अंगाला गरागरा फिरायची. काल मी पाण्याला निघाले, अन ओढा सोडून बाभळीपाशी जाऊन उभी. पायच डावीकडं वढत्यात.

आश्रुबा : उन्हानं झालं असंल.

सारजाबाई : उठल्या उठल्या ऊन लागतं व्हय? तोंडात घास न्हाई तर उलटी. तुमी तर दोन दोन दिसता. एकालाच सांभाळताना जीव गेला माझा.

आश्रुबा : मोमिनाबादच्या छावणीतल्या डाक्टरनं दिलेली पुडी घेतलीस का?

सारजाबाई : घेतली. त्यानं तुमाला बाहीर नेऊन काय सांगितलं, ते मी पंधरा दिस इचारतेय.

आश्रुबा : डोक्यात गाठ हाय म्हणाला. वाढती हाय. हाड काय फुगत न्हाई, मंग ती मेंदूला दाबती, डोळ्याला ढकलती.

सारजाबाई : म्हंजी चंद्रीवाणीच. तिच्या डोक्यातली पाण्याची पिशवी काढलीत न्हवं? हाड मऊ लागलं तिथं चाकू लावला, पिसाच्या पोकळ नळीनं पिशवी वढली, हळद भरली. आठ दिसांत चरायला लागली.

आश्रुबा : तिच्या आधीच्या तीन गेल्या, ते धरत न्हाईस.

सारजाबाई : धरलंय. बघा, मऊ जागा लागती का. हात का मागं घेता?

आश्रुबा : बघितलंय.

सारजाबाई : कवा?

आश्रुबा : परवा दुपारी तुजा डोळा लागला व्हता तवा. कपाळापासनं मानेपर्यंत, दोनदा. कुठंच मऊ न्हाई, सारजे. माज्या हातचं काम न्हाई ते.

(सारजाबाई पदर सारून स्वतःच्या डोक्यावरून बोटं फिरवते.)

सारजाबाई : डाक्टर आनिक काय म्हणाला?

आश्रुबा : हैद्राबादला एक मोठा डाक्टर हाय. त्यो मऊ जागा हुडकत न्हाई. डोळा, हात, चाल बघून गाठ कुठं हाय ते सांगतो, अन तिथलं हाड उघडतो. चौघांतले दोगं उठत्यात.

सारजाबाई : अन न्हाई गेलं तर?

आश्रुबा : आधी डोळे जात्यात, म्हणाला.

सारजाबाई : पंधरा दिस हे पोटात ठेवलंत.

आश्रुबा : मला वाटलं, लागंल माज्या बोटाला.

सारजाबाई : ज्या मेंढीला मऊ जागा लागत न्हाई, तिचं काय करता तुमी?

आश्रुबा : कळपाच्या फुडं ठेवतो. मागं ऱ्हायली तर भरकटती. फुडं असली म्हंजी नजरेत ऱ्हाती.

सारजाबाई : मेंढरं कोण बघंल?

आश्रुबा : तेलगावाहून तुजा भाऊ गहिनीनाथ येतोय. त्याला कालच निरोप धाडला.

सारजाबाई : म्हंजी ठरवून बसलाय.

आश्रुबा : तू हो म्हणलीस तर.

सारजाबाई : जाऊ. पर आजवर चालले तसं तुमच्या मागं मागं यायला आता जमायचं न्हाई. पाय कुठं जातील, माजं मला कळत न्हाई.

आश्रुबा : मागं नगंच. तू फुडं चाल.